वरचं काम वरून

डांबर मी पहिल्यांदा दुष्काळात पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. विहिरी आटल्या, शेतातली मजुरी बंद पडली आणि आमच्या बौद्धवस्तीतली धडधाकट माणसं सगळी सरकारी कामावर खडी फोडायला गेली. मी आणि माझा नवराही गेलो. खडी फोडून झाल्यावर मुकादमानं विचारलं, डांबराच्या भट्टीवर कोण जाईल? कुणी पुढं झालं नाही. धुरानं डोळे जातात असं लोक म्हणायचे. नवऱ्यानं हात वर केला. भट्टीवरच्या माणसाला दिवसभर वाकून घण मारावा लागत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या मागोमाग मी गेले, आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्या अंगाला, कपड्यांना, लेकरांच्या अंथरुणालासुद्धा तो वास राहिला.

दुष्काळ सरल्यावर काही वर्षांनी आमच्या भागात सहकारी साखर कारखान्याचं बांधकाम निघालं. तिथल्या गोदामांच्या सपाट छतांवर डांबरी फेल्ट अंथरायचं काम सोलापूरच्या एका मिस्त्रीकडं होतं. फेल्ट म्हणजे डांबर पाजलेला जाड कापडासारखा पट्टा. त्याची गुंडाळी उचलायला दोन माणसं लागायची. छत झाडून स्वच्छ करायचं, पातळ डांबराचा एक हात मारायचा, मग उकळतं डांबर ओतत पुढं जायचं आणि ते गरम आहे तोवर त्यावर गुंडाळी उलगडत न्यायची. एका पट्ट्यावर दुसरा चार बोटं चढवायचा. सगळ्यात वर पुन्हा डांबर आणि बारीक कच. नवरा हे काम बघता बघता शिकला. मी बादलीवर होते. भट्टीवरून भरलेली बादली दोरानं वर ओढून घ्यायची आणि नवऱ्याच्या पुढं पुढं ओतत जायचं. पायाला गोणपाट बांधायचं, हाताला जुन्या धोतराच्या चिंध्या. मिस्त्री तोंडानं फटकळ होता, पण कामातलं काही लपवून ठेवायचा नाही. नव्या माणसाला तो आधी छताखाली उभं करायचा. "खालनं बघ आधी," म्हणायचा, "कशावर उभा ऱ्हानार हाईस ते."

कारखान्याचं काम संपल्यावर आम्ही जुन्या घरांची कामं घ्यायला लागलो. आम्ही दोघं आणि माझे थोरले दीर, ते भट्टी सांभाळायचे.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. जाड तुळया, त्यांवर आडवे सर, सरांवर लाकडाच्या चिपा, चिपांवर पाला आणि वर हात-दीड हात माती. सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. ती माती पाण्याला आत येऊ देत नाही, पण दर उन्हाळ्यात नव्यानं आणून, भिजवून चोपावी लागते. तेरकडचे लोक ती जुन्या टेकाडांतून खणून आणायचे. तिच्यात खापऱ्या आणि मणी निघायचे, ते बाजूला टाकून पाट्या भरायचे. दुष्काळाच्या वर्षांत माती भिजवायला पाणी कुठलं? माणसाला प्यायला नव्हतं. माळवदं तशीच तापत राहिली, तडकली, घुशींनी पोखरली. पुढं पाऊसपाणी झालं तशी घरं गळायला लागली, आणि माती चोपणारे गडी तर पुण्या-मुंबईला निघून गेलेले. ज्यांचं कारखान्यावर जाणं-येणं होतं त्यांनी गोदामावरचं फेल्ट पाहिलं होतं. त्यांना वाटलं, आपल्याही घरावर घालावं.

अशा घरांत आम्हाला बाहेरून शिडी लावून चढावं लागायचं. आतला जिना असला तरी. दुपारी पाणी मागितलं की कुणीतरी ओट्यावरून ओंजळीत ओतायचं. एका घरानं काम संपवून आम्ही उतरल्यावर नव्या फेल्टवर गोमूत्र शिंपडलं. ते आम्हाला भट्टीपाशी उभ्या उभ्या दिसत होतं. दीर म्हणाले, "शिंपडू दे, फेल्ट काय गळायचं न्हाय." आम्ही हसलो. तेव्हा हसू यायचं खरं.

ज्या घराचं सांगायचंय ते येरमाळ्याच्या अलीकडच्या एका गावात होतं. घरधन्याला सगळं गाव आप्पा म्हणायचं. साठीचे असतील. गावच्या सोसायटीचं सगळं ते बघायचे आणि सोसायटीचं खत त्यांच्याच घराच्या मागच्या खोल्यांत ठेवलेलं असायचं. आधीच्या पावसाळ्यात त्या खोल्या गळून पोती भिजली, खताचे दगड झाले. म्हणून मागच्या खोल्या आणि त्यांना लागून असलेलं स्वयंपाकघर, एवढ्या माळवदावर फेल्ट घालायचं ठरलं. माणूस वाईट नव्हता. सकाळी आम्ही आलो की विचारायचा, न्याहारी झाली का. पण घराचं वळण जुनं होतं, आणि त्या वळणात आमची जागा कुठं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं की आम्हाला विचारावं लागत नव्हतं.

पहिले दोन दिवस वरची सैल माती काढण्यात गेले. मागच्या खोल्यांचं लाकूड नवऱ्यानं आत जाऊन पाहिलं. तिथं खतच असायचं, त्यामुळं अडवलं नाही. लाकूड चांगलं होतं. राहिलं स्वयंपाकघर.

स्वयंपाकघराच्या छताला धूर जायला एक चौकोनी भोक असतं, साणं म्हणतात. त्याच्या कडेनं विटांचा गळा बांधून आम्ही फेल्ट तिथपर्यंत नेणार होतो. मी तिथं काम करत असताना खालून आवाज आला, "अगं बाई, माती पडली की पिठात!"

मी वाकून पाहिलं. खाली आप्पांची सून भाकरी करत होती. माझ्याच वयाची असेल. डोक्यावरचा पदर सावरत तिनं वर बघितलं.

"थांबा वैनी, फळी ठिवते आडवी," मी म्हणाले.

"आता ठिवू नका, उजेड जातोय. लई चटके बसत असतील न्हाय का वर?"

"बसत्यात. सवं झालीय."

"लेकरं किती तुमाला?"

"दोन हाईत. सासूपाशी असत्यात."

"माझं सगळं दिसतंय व्हय तुमाला तिथनं?"

"सगळं कुठलं? नुसती काठवट आन तुमचे हात."

ती हसली. तीन दिवस आमचं असं अधूनमधून बोलणं चालायचं. कुणी आत आलं की ती खाली बघून भाकरी थापायची आणि मी बाजूला व्हायची. तिचा चेहरा मी पुरता कधी पाहिला नव्हता. वरून कपाळ आणि नाक एवढंच दिसायचं.

चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "एक इचारू का? हितं वरनं भुसा पडतोय. पिवळा, बारीक. रोज झाडते, रोज पडतो. त्या कोपऱ्याला, हंडे ठिवते तिथं."

मी हातातली वीट खाली ठेवली. "कवापासनं?"

"दिवाळीपासनं बघा. सासऱ्यांना सांगितलं होतं. ते म्हणले, जुनं लाकूड हाय, पडतंय थोडंफार."

मी नवऱ्याला सांगितलं. भुंग्यानं पोखरलेलं लाकूड वरून धड दिसतं, आत भुसाच असतो. ते खालून बघावं लागतं, टोचून बघावं लागतं. तो शिडीवरून उतरला आणि ओट्यापाशी गेला. मी शिडीच्या वरच्या टोकाला उभी होते.

"आप्पा, जरा खालनं लाकूड बघू द्या एकदा. दोन मिंटं."

"कुठलं लाकूड?"

"सैपाकघरावरचं. भुसा पडतोय म्हनं."

आप्पा म्हणाले, "तिकडं पाण्याचं हाय, देवाचं हाय, बायामाणसं असत्यात. तुला सगळं म्हायती हाय आन तरी इचारतोस?" आवाज चढलेला नव्हता. उलट, आपल्याला नाही म्हणायला लावलं याचं त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. "माझ्या आज्ज्यानं सागवान घातलंय तिथं. वरचं काम वरून करा."

"बरं," नवरा म्हणाला.

तो वर आला. पहार घेतली आणि त्या कोपऱ्याला तीन ठिकाणी माती उकरून लाकडावर मारून पाहिलं. दोन ठिकाणी खणखणीत वाजलं. तिसऱ्या ठिकाणी बद्द. त्यानं पुन्हा मारलं. पुन्हा तसंच. मग पायानं माती सारून खड्डे बुजवले आणि माझ्याकडं बघितलं.

"काय करू? सोडून द्यायचं?"

खाली भट्टी पेटली होती, डांबर उकळायला आलं होतं. गुंडाळ्या वर आणून ठेवल्या होत्या. पुढचं काम जळकोटला होतं आणि ते आप्पांच्याच पाहुण्यांकडचं होतं. काम अर्धं टाकून गेलो असतो तर ती गोष्ट आमच्या आधी जळकोटला पोचली असती. हे सगळं माझ्याही डोक्यात होतं, त्याच्याही. मी म्हणाले, "एक पट्टा तर ऱ्हायलाय. हळू चालू."

हे मी म्हणाले. पुष्कळ वर्षं मी हा प्रसंग लोकांना सांगताना एवढं वाक्य गाळत आले.

दुपारच्या जेवणाच्या आधी आम्ही तो शेवटचा पट्टा घ्यायला लागलो. नवरा गुडघ्यांवर बसून गुंडाळी पुढं ढकलत होता, मी त्याच्यापुढं उलट्या पायांनी मागं मागं जात डांबर ओतत होते. बादली अर्धी रिकामी झाली होती. सर मोडला तेव्हा मोठा आवाज झाला, रस्त्यावर ऐकू गेला असं लोक सांगतात. मला काही ऐकू आलं नाही. पायाखालचं गेलं एवढंच कळलं, आणि नवऱ्याचं तोंड एकदम उंच गेलं.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात पडले. माझ्यावर माती, चिपा, पाला, आणि बादली उजव्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत आणि उजव्या नडगीवर डांबर. पहिल्यांदा गरम नाही लागलं. गार लागलं. मग जे लागलं ते मला लिहिता येत नाही.

धुरळ्यात मला दोन पाय दिसले. सून होती. भिंतीला चिकटून उभी होती, पदर तोंडावर धरलेला. मग तिनं पदर सोडला, कोपऱ्यात शाबूत राहिलेला भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या हातावर ओतला. सगळा. मग दुसरा. प्यायचं पाणी होतं ते. त्या गावात तेव्हा पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागायचं. दारातून तिच्या सासूचा आवाज आला, "अगं, काय करतीस? कुठल्या हंड्याला हात लावलास?" तिनं तिसरा हंडा उचलला. तेव्हा पहिल्यांदा मी तिचा चेहरा पुरता पाहिला. तिच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं.

नवऱ्यानं त्याच भोकातून खाली उडी टाकली. मला उचललं. बाहेर जायचं तर मधल्या घरातून, देवाच्या खोलीपुढून, पुढच्या दारानं जावं लागत होतं. दारात आप्पा उभे होते. त्याला बघून ते बाजूला झाले. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो.

आप्पांनीच सोसायटीचा ट्रॅक्टर काढायला लावला. ट्रॉलीत रिकामी पोती टाकून त्यांवर मला झोपवलं. उस्मानाबादपर्यंत नवरा माझा हात दोन्ही हातांवर धरून बसला होता. थोरले दीर रडत होते. नवरा रडत नव्हता. तो सारखा म्हणत होता, "ओढून काढू नको, ओढून काढू नको." मी काही ओढत नव्हते. डांबर गार झालं की कातडीला धरून बसतं आणि ओढलं की कातडी घेऊन येतं. हे मी त्यालाच शिकवलं होतं, भट्टीवर असताना.

दवाखान्यात मी सव्वा महिना होते. तिथल्या सिस्टर रोज गोडं तेल लावून थोडं थोडं डांबर सोडवायच्या. त्या वेळी मी चादर दातात धरायची. त्या म्हणायच्या, "ओरड बाई, ओरडायला काय हरकत न्हाय." पण खाटेच्या पायथ्याशी सासू लेकरांना घेऊन बसलेली असायची.

नवव्या-दहाव्या दिवशी आप्पा आले. केळी आणली होती. ती कुठं ठेवावीत कळेना म्हणून हातातच धरून उभे राहिले. माझ्याकडं न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "कसं हाय आता?"

"हाय तसंच."

आप्पा जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "ते तसंच उघडं पडलंय," ते म्हणाले. "आभाळ यायला लागलंय. खत आणून ठिवलंय सगळ्यांचं. दुसऱ्या कुणाला हे काम येत न्हाय."

मला वाटलं नवरा आता काहीतरी बोलेल. इतकी वर्षं न बोललेलं सगळं. तो म्हणाला, "परवा येतो."

तो गेला. चार दिवस गेला. पाचव्या दिवशी संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या अंगाला डांबराचा वास होता. मी तोंड भिंतीकडं केलं.

"आत घेतलं का?" मी विचारलं.

"घेतलं."

"बघितलं लाकूड?"

"सगळं बघितलं. सात सर बदलले. आत काय ऱ्हायलंच नव्हतं, नुसता भुसा." थोड्या वेळानं म्हणाला, "आप्पा कंदील धरून उभे हुते खाली."

मला हसू आलं की काय आलं कोण जाणे, पण सिस्टर धावत आल्या. नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं.

हात वाचला. पण तळवा आखडून गेला, दोन बोटं वाकली ती वाकलीच. मूठ मिटत नाही. घरी आल्यावर मी वर्षभर नवऱ्याशी कामापुरतं बोलले. पडले म्हणून नव्हे. तो परत गेला म्हणून. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "खत कुणाचं हुतं? गावाचं हुतं. आपल्यातल्याबी चार घरांचं हुतं." ते खरं होतं. तरी मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

त्यानंतर कुणी कामाला बोलावलं की तो बसायच्या आधी विचारायचा, "आत येऊन लाकूड बघू देणार का?" शहरातले नोकरदार लोक हो म्हणायचे. तेरच्या एका म्हाताऱ्या मुसलमान घरमालकानं तर स्वतः बॅटरी आणून दिली, "मियाँ, देखो, पुरा घर देखो," म्हणाला. पण खेड्यातली बरीच माणसं विचारलं की गप्प व्हायची. मग म्हणायची, सांगतो नंतर. ती सांगायची नाहीत. कामं कमी होत गेली. लोक माळवद पाडून सिमेंटचा स्लॅब घालायला लागले तेव्हा ती थांबलीच. नवरा सहकारी दूध संघाच्या शीतकेंद्रावर राखणदार म्हणून लागला. मी प्रौढांच्या वर्गात जाऊन डाव्या हातानं लिहायला शिकले आणि पुढं बालवाडीत मदतनीस झाले.

त्या सुनेची आणि माझी एकदा गाठ पडली, उस्मानाबादच्या स्टँडवर. तिनं मला हातावरून ओळखलं. मी तिला हनुवटीवरच्या गोंदणावरून. तिनं माझा वाकलेला पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला. चारचौघांत घेतला. "तुमचं कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय," ती म्हणाली. "ते हंडे मोडीत घातले सासूबाईनं. तिन्हीबी. माझ्या आईनं दिलते." मग तिची गाडी लागली.

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला सांगण्यासारखं आमच्यात त्या दिवसाबद्दल काही उरलं नव्हतं असं मला वाटायचं. पण पुढं एकदा, मुलीचं लग्न झाल्यावर घर एकदम रिकामं झालं होतं तेव्हा, तो अंगणात बसून सायकलची चेन साफ करत होता. मी त्याला विचारलं.

"तुमाला म्हायती हुतं ना? बद्द वाजलं तवाच."

त्यानं चेन खाली ठेवली नाही. "व्हय," म्हणाला.

"मला बी."

त्याचे हात थांबले. रस्त्यानं दुधाची गाडी गेली, तिच्या कॅनचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. मग त्यानं विचारलं, "रॉकेल हाय का घरात थोडं? हे निघंना."

मी उठून आत गेले आणि बाटली आणून दिली.